बासच्या गळाला कॅटफिश: दोन शनिवार, चार मिशाळ मासे

तळ्यावरचा

नमस्कार मंडळी.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. लहानपण निफाडजवळ गोदाकाठी गेलं. तिथे तंगूस, गरी आणि गांडूळ एवढ्या सामानावर मासे धरायचो. इथे आल्यावर दोन वर्षांपासून लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाचा नाद लागला आहे. आता लेकही नऊ वर्षांचा झाला, तोही बरोबर येतो.

मे महिन्यातले लागोपाठ दोन शनिवार आम्ही पहाटे रे रॉबर्ट्स तलावावर गेलो. स्टेट पार्कच्या काठावरून गळ टाकला, कारण टेक्ससमध्ये स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून मासेमारी करायला परवाना लागत नाही. पाण्याच्या कडेने दगडांचं पिचिंग आहे, आपल्याकडे धरणाच्या भिंतीला असतं तसं. त्याला समांतर लिपलेस क्रँकबेट ओढत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही चपट्या मासोळीच्या आकाराची नकली मासळी असते. तिच्या पोटात छरे असतात आणि ओढली की ती थरथरत खुळखुळ वाजते.

दोन शनिवारांत बास मिळाला एक. कॅटफिश चार! पहिले तीन अंगावर काळे ठिपके असलेले, दीड-दोन किलोंचे. चौथा मात्र ठिपके नसलेला, निळसर राखाडी, ११ पौंड म्हणजे पाच किलोंचा. तो लागला तेव्हा मला वाटलं, आयुष्यातला सगळ्यात मोठा बास लागला. लेक आनंदाने ओरडत होता. दहा मिनिटांनी पाण्याखाली मिशा दिसल्या आणि माझा चेहरा पडला. तो चेहरा लेकाने पाहिला आणि विचारलं, "बाबा, हा वाईट मासा आहे का?"

त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. म्हणून हा धागा.

मला आजवर वाटायचं की कॅटफिश म्हणजे तळाशी पडलेलं कुजकं-नासकं खाणारा मासा. मग वेगाने पळणाऱ्या नकली मासळीवर तो झडप का घालतो? एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. चार वेळा?

आणखी एक. छोट्या कॅटफिशला सोडवताना त्याचा काटा माझ्या तळहातात गेला. दिवसभर ठणकत होतं. त्याबद्दलही सांगा.

---

उजनीकर

भाऊ, आमच्याकडं अगदी असंच होतं, फक्त मासे वेगळे. आम्ही उजनीच्या फुगवट्यात मरळीसाठी नकली बेडूक फेकतो, पाणवनस्पतीच्या कडंनं. आन् संध्याकाळ झाली की शिंगाळा येऊन घेतो. तोही मिशाळच. त्याला कुजकं खाणारा म्हणणारा माणूस भिगवणच्या बाजारात एकदा उभा राहिला पाहिजे. शिंगाळा लहान मासे पळवून पळवून खातो. चिलापीच्या पिल्लांच्या थव्यात घुसताना मी डोळ्यांनी बघितलाय.

तुमच्या लेकाला सांगा, मासा वाईट नसतो.

---

पहिलाच_गळ

वाचते आहे. मला या विषयातलं काही कळत नाही, पण लेकाचा प्रश्न मनात राहिला.

---

टेनेसीवाले_नाना

मी इकडे सव्वीस वर्षं बासच्या मागे आहे, त्यामुळे तळ्यावरचा यांचा पडलेला चेहरा मला चांगला ओळखीचा आहे. माझाही पहिली काही वर्षं पडायचा. आता पडत नाही, कारण कळून चुकलं की तो मासा तिथे का होता.

आधी एक विचारतो. गरी कुठे अडकली होती? तोंडात की अंगात? लिपलेस क्रँकबेटला तीन-तीन आकड्यांच्या दोन गऱ्या असतात. माशांच्या गर्दीतून ओढली की ती कोणाच्याही पाठीत किंवा पोटात अडकते. तसं असेल तर माशाने ती घेतलेलीच नाही. शिवाय टेक्ससमध्ये कॅटफिश हा गेम फिश, म्हणजे खास नियम लागू असलेला मासा, धरला जातो, त्यामुळे बाहेरून अंगात अडकलेला असेल तर तो परत सोडायचा असतो.

दुसरं. तुम्ही गेलात किती वाजता, आणि काठाला चंदेरी बारीक मासळी उसळताना दिसली का?

---

तळ्यावरचा

नाना, चारही वेळा तोंडात. दोन वेळा तर जबड्याच्या अगदी कोपऱ्यात, पुढची गरी आत गिळलेली. सहा-सव्वासहाची वेळ होती. आणि हो, दगडांना खेटून चंदेरी मासळी उसळत होती! मी तिच्याकडे फार लक्ष दिलं नाही. पाणी ७२ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २२ सेल्सिअस होतं.

---

टेनेसीवाले_नाना

मग उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. ती मासळी म्हणजे शॅड. गिझर्ड शॅड आणि थ्रेडफिन शॅड हे दोन मासे दक्षिणेकडच्या तलावांमधलं भातपिठलं समजा, सगळे मोठे मासे त्यांच्यावर जगतात. वसंतात पाणी कोमट झालं की शॅड पहाटेच्या वेळी दगडांवर, गवतावर अंडी घालायला काठाला येतात. ऊन वर आलं की खेळ संपतो. तेवढ्या तास-दीड तासात बास, कॅटफिश, व्हाइट बास, सगळे एकाच पंगतीला बसलेले असतात. तुम्ही त्या पंगतीत शॅडसारखी दिसणारी, शॅडएवढी, थरथरणारी वस्तू ओढलीत. ती कोणी उचलायची हे आपण ठरवत नाही.

पिचिंगचं दुसरंही एक कारण आहे. तुमचे ठिपकेवाले म्हणजे चॅनल कॅटफिश. तो बिळांत, कपारींत अंडी घालतो. दगडांच्या मधल्या फटी त्याला फार आवडतात. पाणी २४ ते २७ सेल्सिअसपर्यंत गेलं की नर जागा पकडतो आणि मादीने अंडी घातली की तो एकटा राखण करतो. त्या दिवसांत बिळासमोरून काही गेलं तर तो चावतो, भूक असो वा नसो. तुमचं पाणी त्या मानाने थोडं थंड होतं, पण जागा शोधणं आधीपासून सुरू असतं.

म्हणजे दोन शक्यता. शिकार करत होता किंवा घर राखत होता. मासा ठेवला असेल तर पोट पाहा.

---

शिरगावचा_मत्स्यविद्यार्थी

नानांनी जागा आणि वेळ सांगितली, मी माशाच्या शरीराबद्दल सांगतो. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

"कॅटफिश नुसत्या वासावर जगतो" हा समज अर्धवट आहे. वास आणि चव यांत तो फार पुढे आहे हे खरंच. त्याच्या मिशांवरच नाही, तर सगळ्या कातडीवर चवीच्या कळ्या असतात. अंगावर खवले नाहीत, त्यामुळे अख्खा मासा म्हणजे एक पोहणारी जीभ म्हणा ना. पण तळ्यावरचा यांच्या बाबतीत मला वाटतं कानाने काम केलं.

कॅटफिश, रोहू, कटला, या सगळ्यांमध्ये वाताशय (पोटातली हवेची पिशवी) आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते. तिला वेबेरियन अस्थिका म्हणतात. पाण्यातली कंपनं वाताशयावर आदळतात आणि या हाडांमधून थेट कानापर्यंत जातात. बासला ही सोय नाही. त्यामुळे छऱ्यांचा खुळखुळाट कॅटफिशला बासपेक्षा लांबून आणि स्पष्ट ऐकू येतो. त्यात आपण पार्श्वरेषा धरली, जिच्याने सगळेच मासे जवळची हालचाल ओळखतात, तर अंधुक पहाटेच्या गढूळ पाण्यात वाजणारं आमिष हे कॅटफिशसाठी घंटा वाजवून जेवायला बोलावण्यासारखं आहे. याखेरीज जिवंत भक्ष्याच्या शरीरातून येणारे क्षीण विद्युतसंकेतही त्याला कळतात. म्हणजे पूर्ण अंधारातही तो चुकत नाही.

आता तुमचा चौथा मासा. ठिपके नाहीत, रंग निळसर. शेपटीच्या अलीकडे पोटाखाली जो लांब पर असतो, गुदपर, त्याची कड कशी होती? सरळ, कंगव्यासारखी कापलेली, की गोलाई असलेली? सरळ असेल तर ब्लू कॅटफिश. गोलसर असेल तर चॅनल. नुसत्या ठिपक्यांवर जाऊ नका, कारण चॅनल मोठा झाला की त्याचे ठिपके बरेचदा पुसले जातात. फोटोत पराच्या काड्या मोजता आल्या तर ब्लूमध्ये ३० किंवा जास्त निघतात, चॅनलमध्ये ३० पेक्षा कमी.

काट्याबद्दल: पाठीवर एक आणि छातीच्या दोन परांत एकेक असे तीन टणक काटे असतात. घाबरला की मासा ते उभे करून कुलूप लावल्यासारखे अडकवतो. काट्यावरच्या कातडीत सौम्य विष असतं. लहान माशाचा काटा जास्त टोकदार असतो, म्हणून लहानच जास्त टोचतो. सहन होईल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका कमी होतो, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं. मात्र भाजून घेऊ नका. जखम साबणाने नीट धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं ते आठवा. लाली पसरत असेल, सूज वाढत असेल किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तळ्याच्या पाण्यातल्या जंतूंचा संसर्ग हलक्यात घेण्यासारखा नाही.

मिशा टोचत नाहीत. बऱ्याच मुलांना मिशांचीच भीती वाटते. लेकाला हात लावून बघू द्या, मऊ असतात.

---

मालवणी_काकी

हातास बरा वाटता ना आता? आमच्याकडे खाडीतली शेंगटी काढताना हेच होतं. माझे वडील आधी तिचे तिन्ही काटे पक्कडीने मोडायचे आणि मगच जाळ्यातून काढायचे. अर्थात मासा परत सोडायचा असेल तर काटे मोडू नका.

ठेवलात का एखादा? साफ कसा केलात?

---

तळ्यावरचा

काकी, हात आता बरा आहे, गरम पाण्याने खरंच फरक पडला.

मत्स्यविद्यार्थी, फोटो मोठा करून पाहिला. पराची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. काड्या ३२ मोजल्या, एखादी इकडेतिकडे असेल. म्हणजे ब्लू! मोठा परत सोडला होता. ठिपकेवाल्यांपैकी एक ठेवला होता, फ्रीजमध्ये अख्खाच होता. नानांचं वाचून काल रात्री साफ करताना पोट उघडलं.

दोन शॅड निघाल्या. एक जवळपास अख्खी, माझ्या बोटाएवढी. माझ्या नकली मासळीशेजारी ठेवून लेकाने फोटो काढला. लांबी सारखी, पाठीचा रंगसुद्धा सारखा. आम्ही दोघं बराच वेळ नुसते बघत बसलो.

---

टेनेसीवाले_नाना

पोटात शॅड म्हणजे तो जेवायला आला होता. अंडी राखणारा नर फारसा खात नाही. तो ओळखायचा असेल तर डोकं बघायचं. रुंद, गाठीसारखं फुगलेलं, रंग काळपट आणि अंगावर चावे असतात. तसा मिळाला तर फोटोही न काढता लगेच सोडा. त्याच्यामागे बिळात अंडी असतात आणि तो हलला की इतर मासे ती खाऊन टाकतात.

---

पोटोमॅक_पाटील

मला इथे वेगळं बोलायचं आहे. मी नॉर्दर्न व्हर्जिनियात राहतो, पोटोमॅक नदीवर बाससाठी जातो आणि तुमच्यासारखाच ब्लू कॅटफिश लागतो. पण इथे तो सोडावा असं कोणी म्हणत नाही. टेक्ससमध्ये तो मूळचा रहिवासी आहे. चेसापीक खाडीच्या नद्यांमध्ये तो नव्हता. १९७० च्या दशकापासून व्हर्जिनियाच्या नद्यांमध्ये मोठे मासे धरण्याची हौस भागावी म्हणून तो आणून सोडला गेला. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवरही तो तग धरतो. आता तो तिथले मासे खातो, निळे खेकडेही खातो, आणि त्या खेकड्यांवर इथल्या कोळ्यांचं पोट आहे. मेरीलँड राज्य लोकांना सांगतं की पकडा आणि खा.

गंमत बघा, याच नदीत बासच्या गळाला आपल्या मरळीचं आशियाई भावंडही लागतं, नॉर्दर्न स्नेकहेड. २००२ साली मेरीलँडच्या एका तळ्यात सापडला, २००४ पासून पोटोमॅकमध्ये आहे. एका सकाळी मला एक बास, एक स्नेकहेड आणि एक ब्लू कॅटफिश असे तिन्ही लागले. त्या दिवशी गावाकडची फार आठवण आली.

म्हणून माझं म्हणणं, "सोडावा की ठेवावा" याचं उत्तर पाण्याप्रमाणे बदलतं. मात्र खाताना राज्याची आरोग्यसूचना वाचा. आमच्याकडे पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनांमुळे नदीच्या काही भागांतला कॅटफिश किती खावा यावर मर्यादा सांगितलेल्या आहेत.

---

उजनीकर

पाटील, हे आम्हाला पटकन कळतं. थाई मांगूर म्हणून जो आफ्रिकी मिशाळ मासा आपल्याकडं चोरून पाळतात, त्यावर २००० सालापासून बंदी आहे. तो तळ्यातनं निसटला की देशी माशांना जागा ठेवत नाही. मासा तोच, पण चुकीच्या पाण्यात गेला की घात करतो.

आन् आमच्या भीमेत तरी काय वेगळं? जी चिलापी सगळे आवडीनं खातात, तीही बाहेरूनच आलेली. जुने कोळी सांगतात की पूर्वी कितीतरी जातीचे मासे जाळ्यात यायचे, त्यांची नावंसुद्धा आता पोरांना ठाऊक न्हाईत.

---

पहिलाच_गळ

पोटात निघालेल्या शॅडबद्दल वाचून अंगावर काटा आला. टेक्ससमध्ये किती ठेवायचे याला मर्यादा असते का?

---

टेनेसीवाले_नाना

असते. टेक्ससचा राज्यभराचा नियम असा: चॅनल आणि ब्लू मिळून दिवसाला २५, त्यांतले २० इंच किंवा त्याहून मोठे फक्त १०. लार्जमाउथ बास दिवसाला ५, आणि १४ इंचांहून लहान ठेवायचा नाही. काही तलावांना वेगळे नियम आहेत, म्हणून जायच्या आधी त्या तलावाचं पान वाचायचंच.

कायद्याच्या पलीकडचं माझं मत सांगतो. २५ ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. घरात चार माणसं असतील तर दोन किलोचे दोन मासे पुरतात. मोठा ब्लू टेक्ससमध्ये सोडलेला बरा. तो वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. जानेवारी २००४ मध्ये लेक टेक्सोमावर १२१.५ पौंडांचा, म्हणजे ५५ किलोंचा ब्लू लागला होता. पकडणाऱ्याने तो जिवंत दिला आणि टेक्ससमधल्याच अथेन्स गावच्या मत्स्यकेंद्रात काचेपलीकडे हजारो लोकांनी तो पाहिला. तळ्यावरचा यांनी पाच किलोचा सोडला, तो असाच वाढावा.

---

मालवणी_काकी

आता साफ करायचं. खवले नाहीत म्हणून काम सोपं वाटतं, पण बुळबुळ फार. जाड मीठ आणि चिंचेचा कोळ चोळून दोनदा धुवायचा. डोक्यामागे कातडीला गोल चीर द्यायची आणि पक्कडीने कातडी शेपटीकडे ओढायची, मोजा काढल्यासारखी निघते. तुकडीच्या मध्यावर लालसर पट्टा दिसेल, तो कापून टाका. मातीचा वास जास्त तिथेच असतो.

मग तुकड्यांना मीठ, हळद आणि आगळ लावून अर्धा तास ठेवा. तिकलं, म्हणजे आमचं तिखट-आंबट कालवण, करा. भरपूर तिखट, धणे, थोडं खोबरं, ठेचलेली तिरफळं आणि आमसूल. तिकडे लोक मक्याच्या पिठात घोळवून तळतात असं भाची सांगते. तसंही छान लागत असणार, पण रवा लावून तव्यावर केलात तर मला जास्त आवडेल.

---

शिरगावचा_मत्स्यविद्यार्थी

काकींच्या आगळामागे रसायनशास्त्र आहे. मातीचा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. कोमट पाण्यातले निळे-हिरवे जिवाणू आणि तळाच्या मातीतले काही सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत साठतं. पहिल्या पावसात जमिनीचा जो वास येतो, तोही याच द्रव्यामुळे. आम्लात ते विघटित होतं. चिंच, आमसूल, लिंबू, व्हिनेगर, सगळ्यांचं काम तेच.

---

तळ्यावरचा

तिकलं केलं. तिरफळं नव्हती, बाकी सगळं काकींच्या पद्धतीने. मातीचा वास अजिबात आला नाही. बायको किनाऱ्यावरची आहे, सुरमई-पापलेटशिवाय मासा मानत नाही. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आज पहाटे पुन्हा गेलो. या वेळी आधी दहा मिनिटं नुसतं पाणी पाहिलं. शॅड उसळत होत्या त्या पिचिंगवर गेलोच नाही. पलीकडच्या उथळ खाडीत पाणगवताच्या कडेने वरून चालणारा रबरी बेडूक टाकला. उजनीकरांचीच पद्धत. दोन बास मिळाले, दोन्ही सोडले.

परत येताना लेक म्हणाला, "पुढच्या शनिवारी आपण कॅटफिशसाठीच येऊ या का? मुद्दाम." त्याला त्या निळ्याची आठवण येते आहे. मला मुद्दाम कॅटफिश धरायचा अनुभव नाही. गरी कोणती आणि आमिष काय घेऊ?

---

टेनेसीवाले_नाना

मुलगा बरोबर आहे तर सर्कल गरी घ्या, ५/० आकाराची. ती आत गिळली जात नाही, जबड्याच्या कोपऱ्यात बसते, म्हणून सोडायला सोपी. ताज्या शॅडचा तुकडा लावा. गरीचं टोक उघडं राहू द्या. वर सरकतं शिसं, दीड-दोन औंसांचं. शिसं आणि गरी यांच्या मधे वितभर धागा.

लेकाला एकच शिकवा: दांडी वाकली तरी झटका द्यायचा नाही. बासच्या सवयीने हात आपोआप झटका देतो आणि सर्कल गरी तोंडातून निघून येते. दांडी वाकू द्यायची, मासा वळू द्यायचा, आणि वजन आलं की शांतपणे रीळ फिरवायला लागायचं. ड्रॅग, म्हणजे रिळावरचा दोरीचा ताण, थोडा सैल ठेवा. वर आला की छातीच्या काट्यांमागे पंजा अडकवून दुसरा हात पोटाखाली धरायचा. उभा लटकवायचा नाही.

पहाटे सहापर्यंत पोहोचा. आणि फोटो टाका.